एका निवडुंगाचा किडा दुसऱ्यावर का जगत नाही?

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या गावाच्या कडेला, पडक्या गावकुसाशी किंवा ओढ्याच्या काठाला फड्या निवडुंगाचे जाळे अजून कुठेकुठे दिसते. त्याच्या फड्या नीट पाहिल्या तर काहींवर कापसाचे पुंजके चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके असतात. काडीने तो कापूस बाजूला सारून आतला गुबगुबीत दाणा चिरडला की काडीचे टोक लालभडक होते. मुलांना वाटते, निवडुंगाला रक्त आले. ते रक्त निवडुंगाचे नाही. तो दाणा म्हणजे पिठ्या ढेकणाच्या भाऊबंदांपैकी एक कीटक आहे आणि लाल रंग त्याच्या अंगातला आहे. या कुळातल्या कीटकांना कोचिनील म्हणतात. आपल्याकडचा ‘किरमिजी’ हा रंगवाचक शब्दही मुळात कीटकावरूनच आला. अरबी-फारसीतला ‘किर्मिझ’ हा ओकवृक्षावरचा किडा होता; अमेरिकेतला कोचिनील त्याहून वेगळा, पण रंगाच्या धंद्यात त्याने जुन्या किड्याची गादी बळकावली.

निवडुंग आणि हा किडा दोघेही आपल्याकडे पाहुणे आहेत. फड्या निवडुंगाच्या सर्व जाती मूळच्या अमेरिकेच्या. (या लेखात ‘जाती’ हा शब्द जीवशास्त्रातल्या अर्थाने घेतला आहे, पिकांच्या प्रकारांना आपण ‘वाण’ म्हणू.) दोघे इथे कसे आले आणि त्यांचे इथे काय झाले, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. वनस्पती खाणाऱ्या कीटकांच्या इतक्या लाखो जाती का आहेत, या मोठ्या प्रश्नाचे एक दार तिच्यातून उघडते.

अठराव्या शतकात कोचिनीलचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. मेक्सिकोतले शेतकरी निवडुंगावर हे किडे पाळत, वाळवत, आणि तो माल युरोपात महाग विकला जाई. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा हिंदुस्थानात रुजवायचा होता. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोहून जिवंत किडे कलकत्त्याला आणले. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख तेव्हा विल्यम रॉक्सबर्ग होते. किडे टिकले आणि झपाट्याने वाढले. कंपनीची माणसे खूश झाली असतील, पण आनंद फार काळ टिकला नाही. रंग हलका निघू लागला. आणलेला किडा मेक्सिकोतला पाळीव, रंगाने भरलेला कोचिनील नव्हताच. तो दक्षिण अमेरिकेतला रानटी भाऊबंद होता. आज त्याला डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. सिलोनात सापडलेल्या नमुन्यांवरून ज्याला हे नाव पडले, त्याचे घर सिलोनपासून हजारो मैल दूर! शास्त्रीय नावे नेहमी खरे बोलतात, असे विद्यार्थ्यांना सांगताना जरा जपूनच सांगावे.

रंगाचा धंदा बसला, पण दुसरीच एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. किडा जिथे पसरला तिथला निवडुंग वाळून कोसळू लागला. निवडुंगाने कुरणे आणि पडीक जमिनी व्यापल्या होत्या, त्यामुळे ही आयती सोय झाली. १८३६ ते १८३८ च्या सुमारास हा किडा मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात नेऊन सोडला. कीटकाकडून तणाचा बंदोबस्त करण्याचा जगातला हा बहुधा पहिलाच हेतुपुरस्सर प्रयोग. ऑपन्शिया मोनाकँथा नावाच्या उंच वाढणाऱ्या, पातळ चकचकीत फड्यांच्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला.

मात्र शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्या निवडुंगाला त्याने तोंडही लावले नाही. हा दुसरा म्हणजे ऑपन्शिया डिलेनी: बुटका, पसरट, पिवळ्या काट्यांचा, जांभळ्या बोंडांचा. त्याच्या जवळचा एलॅटियर हा निवडुंगही तसाच हट्टी. सामान्य माणसाला तिन्ही ‘फड्या निवडुंग’च. किडा मात्र त्यांच्यात फरक करत होता, आणि हा फरक सुमारे एक शतकभर माणसांना नडला. कलकत्त्याला उतरलेला किडा कोणता, याची ओळख सुरुवातीलाच चुकली होती. एक किडा सगळे निवडुंग खाईल हा समज ही दुसरी चूक. १९१३ साली हाच किडा भारतातून दक्षिण आफ्रिकेत नेला, त्यानंतर लवकरच ऑस्ट्रेलियात नेला. दोन्हीकडे मोनाकँथा मेला, बाकीचे निवडुंग हलले नाहीत.

१९२६ साली श्रीलंकेतून दुसरा किडा आला, डॅक्टिलोपियस ऑपन्शिए. हा उत्तर अमेरिकेतला. दिसायला पहिल्यासारखाच: तोच कापूस, तोच लाल रस. त्याने डिलेनी आणि एलॅटियर धरले आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातले सुमारे ४०,००० हेक्टर निवडुंगाचे रान मोकळे केले. आज आपल्या गावाकडेला जो निवडुंग उरला आहे तो या धुमश्चक्रीतून वाचलेला आहे, आणि त्याच्यावरचा कापूसही बहुतेक त्याच किड्याच्या वंशजांचा.

आता प्रश्न असा. दोन किडे दिसायला इतके सारखे, की १९७४ साली दे लोत्तो या कीटकशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बारकावे तपासून या घराण्याची घडी नीट बसवेपर्यंत नावांचा गोंधळ चालू होता. तरीही एक किडा एका निवडुंगावर मुळीच जगत नाही आणि दुसरा त्याच्यावर भरभराटतो. ही फाळणी झाली कशी? ताटातले अन्न वेगळे झाले म्हणून घराणे वेगळे झाले, की घराणे आधी वेगळे झाले आणि अन्न मागाहून?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. बेंजामिन वॉल्श हा केंब्रिजला शिकलेला इंग्रज १८३८ साली अमेरिकेला गेला. तिथे त्याने शेती केली, मग इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंड गावी लाकडाचा व्यापार केला, आणि उतारवयात कीटकांच्या मागे लागला. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. १८६४ साली त्याने मांडले, की एकाच जातीचे कीटक दोन वेगवेगळ्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिले तर आधी त्यांचे दोन ‘आहारभेदी प्रकार’ होतात, आणि त्यांचे आपसात मीलन थांबले की दोन जाती होतात. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पुढच्या आवृत्तीत या कामाची दखल घेतली.

वॉल्शचे प्रसिद्ध उदाहरण सफरचंदाच्या माशीचे आहे. अमेरिकेत हॉथॉर्न नावाचे गुलाबकुळातले काटेरी झाड रानात वाढते. त्याला बोराएवढी लाल फळे येतात. त्या फळांत एका माशीच्या अळ्या होतात. सफरचंद हे अमेरिकेचे झाड नव्हे, ते युरोपीय वसाहतवाल्यांनी सतराव्या शतकात नेले. दोनशे वर्षे सफरचंदाला या माशीचा उपद्रव नव्हता. १८६० च्या दशकात पूर्वेकडच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बागांमधून तक्रारी येऊ लागल्या. वॉल्शने यात एक गोष्ट हेरली. त्याच्या इलिनॉयमध्ये हॉथॉर्नमध्ये ती माशी होती, सफरचंदाच्या बागाही होत्या, पण तिथल्या सफरचंदांत अळी नव्हती. म्हणजे माशी ‘सफरचंद खाऊ शकते’ एवढ्याने भागत नाही. पूर्वेकडच्या माश्यांच्या एका गटाला सफरचंदाची नवी ओढ लागली होती, आणि ती ओढ त्यांच्या संततीत उतरत होती. १८६७ साली त्याने हे छापले. दोन वर्षांनी आगगाडीच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कल्पना जवळजवळ शंभर वर्षे कोपऱ्यात पडून राहिली.

कोपऱ्यात पडण्याचे कारण होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्न्स्ट मायर या थोर जीवशास्त्रज्ञाचे मत प्रमाण मानले जाई. नवी जाती व्हायची तर आधी भौगोलिक अडसर हवा: डोंगर, समुद्र, वाळवंट. सह्याद्रीच्या दोन बाजूंना अडकलेले प्राणी हळूहळू वेगळे होतील हे पटते. पण एकाच बागेत शेजारच्या दोन झाडांवर राहणाऱ्या माश्या? त्या उडून एकमेकींत मिसळणार आणि फरक धुऊन निघणार. मायरचा आक्षेप हट्टाचा नव्हता, त्यात गणित होते, आणि आजही तो पुष्कळ ठिकाणी खरा ठरतो.

गाय बुश हा मायरच्याच हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला तरुण. त्याने १९६६ साली या माश्यांच्या ऱ्हॅगोलेटिस या प्रजातीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९६९ साली वॉल्शची कल्पना पुन्हा उभी केली. त्याच्या युक्तिवादाचा कणा एका साध्या निरीक्षणात होता. या माश्यांचे नर फळावर बसून मादीची वाट पाहतात. मादी अंडी घालायला फळावर येते आणि तिथेच मीलन होते. फळ हेच ताट, तेच माहेर आणि तोच लग्नमांडव! त्यामुळे जिला सफरचंद आवडते तिला नवराही सफरचंदावरचाच मिळतो. मध्ये डोंगर लागत नाही. आवडच डोंगराचे काम करते.

शिक्षकांना ही माशी परकी वाटायचे कारण नाही. तिची एक चुलत बहीण आपल्याकडे आहे. संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा भरलेला असतो तेव्हा बाजारात बोरे असतात, आणि बोर फोडले की कधीकधी आठीभोवती पांढरी अळी वळवळते. ‘फळाला कुठेच भोक नाही, मग अळी आत शिरली कशी?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असे, की फळ हिरवे असतानाच माशीने सालीखाली अंडे घातलेले असते. या माशीचे नाव कार्पोमिया व्हेसुव्हियाना. ती आणि ऱ्हॅगोलेटिस एकाच उपगटातल्या. ती बोराच्या वर्गातल्या झाडांखेरीज कशावरही वाढत नाही. मोठी झालेली अळी फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करते. म्हणूनच बागेत झाडाखालची माती उकरून कोष उन्हात तापवायला सांगतात. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कमी पावसाच्या सोलापूर भागात बोर, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा वाढल्या. बांधावरच्या गावठी बोरीच्या आणि माळावरच्या चणी बोरीच्या शेजारी मोठ्या फळांच्या कलमी बोरीची सलग बाग आली. हॉथॉर्नशेजारी सफरचंद आले, तसाच हा प्रकार. बागेतली बोरे आणि गावठी बोरे वेगवेगळ्या बरण्यांत ओलसर वाळूवर ठेवून, तोंडाला मलमल बांधून, कोषातून माश्या कधी बाहेर येतात याच्या तारखा मुलांनी टिपाव्यात. तारखांचे महत्त्व पुढे कळेल.

बुशच्या म्हणण्यावर वीस वर्षे वाद झाला. १९८८ साली ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांचे शोधनिबंध आले. एका गटात जेफ्री फेडर आणि स्वतः बुश होते. सफरचंदावरच्या आणि हॉथॉर्नवरच्या माश्यांची विकरे तपासली तेव्हा त्यांच्या जनुकांच्या प्रमाणात स्पष्ट फरक निघाला, तोही एकाच ठिकाणी शेजारी असलेल्या झाडांवर. वेगळेपणाची दुसरी बाजू घड्याळाची होती. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते. माशीचे आयुष्य जेमतेम महिन्याचे. जी माशी कोषातून योग्य वेळी बाहेर पडते तिलाच पिकते फळ मिळते. सफरचंदावरच्या माश्यांचे कोष लवकर जागे होतात, हॉथॉर्नवरच्यांचे उशिरा. पुढच्या मोजणीत दिसले की दोन गटांत दर पिढीला ४ ते ६ टक्के मिसळण होते, तरी फरक टिकून राहतो. २००३ साली वासाचे प्रयोग झाले: प्रत्येक गटाची माशी आपल्या फळाच्या वासाकडे उडत जाते.

त्याच वर्षी फेडरच्या गटाने एक धक्काही दिला. कोष लवकर किंवा उशिरा जागा होण्याशी जोडलेले काही जनुकसमूह अमेरिकेच्या बागांमध्ये नव्याने उपजलेले नव्हते. ते मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या माश्यांमध्ये, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळे झालेले होते आणि नंतर उत्तरेकडे मिसळले. म्हणजे डोंगराचा हात अगदीच नव्हता असे नाही. मायर हरले आणि बुश जिंकले असे सरळ लिहिता येत नाही, आणि आमच्या मते हेच या प्रकरणातले सर्वांत शिकवण्याजोगे अंग आहे. कच्चा माल भूगोलाने दिला, वाटणी झाडांनी केली.

कीटक एवढे चोखंदळ का होतात? कारण वनस्पती मुकाट्याने खाऊ देत नाही. आपल्या माळावरच्या रुईचा चीक हृदयाला घातक असतो. तरी तिच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी मजेत चरते आणि तिचे तांबूस फुलपाखरू त्याच विषाच्या जोरावर पक्ष्यांपासून वाचते. पॉल एरलिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरे आणि वनस्पती यांचा असा ताळा मांडला. वनस्पती नवे विष काढते, एखादा कीटक त्यावर उतारा शोधतो, आणि मग त्या वनस्पतीच्या घराण्याशी तो बांधला जातो. एक विष पचवण्याची तयारी ठेवायची तर दुसऱ्याची अनेकदा सोडावी लागते. निवडुंगाच्या बाबतीत नेमके कोणते द्रव्य आड येते यापेक्षा किड्याचे राहणे कसे आहे ते इथे महत्त्वाचे.

आणि कोचिनीलचे राहणे माशीपेक्षाही बांधलेले आहे. पिल्ले अंगावरच्या मेणाच्या तंतूंच्या जोरावर वाऱ्याने उडतात आणि जिथे पडतील तिथे सोंड खुपसून बसतात. मादी एकदा बसली की जन्मभर जागची हलत नाही. नराला पंख असतात, पण खायला तोंड नसते. दोन-चार दिवसांच्या आयुष्यात तो जवळच्याच मादीला गाठतो. ज्या फडीवर जगलो त्याच फडीवर लग्न, याला पर्याय नाही. असा प्राणी दोन निवडुंगांवर दोन गटांत विभागला गेला तर नवल नाही.

याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळाला. १९३८ साली तिथे डॅक्टिलोपियस ऑपन्शिए आणला होता, तो चारा-फळांच्या ऑपन्शिया फायकस-इंडिका या निवडुंगाचे रानटी झालेले पसारे मारण्यासाठी. काम झाले. पुढे क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ऑपन्शिया स्ट्रिक्टा पसरला. आपला डिलेनी याच स्ट्रिक्टाचा प्रकार. त्याच्यावर तोच किडा सोडला तर तो रुजेना. म्हणून १९९७ साली ऑस्ट्रेलियातून, तिथे स्ट्रिक्टावर जगणारे, त्याच जातीचे किडे आणले. त्यांनी स्ट्रिक्टा लगेच धरला. मात्र फायकस-इंडिकावर ते नीट वाढेनात. नाव एक, रूप एक, आणि ताटे दोन. वॉल्शचे ‘आहारभेदी प्रकार’ ते हेच.

मग हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांचा संकर करून पाहिला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रकारांचे मीलन विनासायास झाले आणि पहिल्या पिढीतली संकरित पिल्ले दोन्ही निवडुंगांवर वाढली. तेव्हा हे दोन प्रकार अजून दोन जाती नाहीत. वाटेत आहेत. वाट पुढे जाईल की दोन्ही प्रवाह पुन्हा मिसळतील हे ते एकमेकांना भेटतात की नाही यावर ठरेल, आणि त्यांना बोटीने, विमानाने भेटवणारे आपणच आहोत.

सोलापूरसारख्या जिल्ह्याला यात एक व्यावहारिक अर्थ आहे. दुष्काळी भागात जनावरांसाठी बिनकाट्याचा निवडुंग लावण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे चालू आहेत; बाएफसारख्या संस्थेने महाराष्ट्रात त्याचा प्रसार केला आहे. हा चाऱ्याचा निवडुंग फायकस-इंडिकाच. याच निवडुंगाच्या बागांवर डॅक्टिलोपियस ऑपन्शिए २००७ साली स्पेनच्या मुर्सिया भागात आणि २०१४ साली मोरोक्कोत उतरला. मोरोक्कोतल्या शेतकऱ्यांनी बागाच्या बागा उपटून जाळल्या. आपल्या कुंपणावरचा किडा डिलेनीसाठी आणलेल्यांचा वंशज. तो चाऱ्याच्या निवडुंगावर बसेल का, हे केवळ किड्याचे नाव वाचून सांगता येणार नाही. ते फडीवर ठेवूनच पाहावे लागते.

आणि हे पाहणे शाळेतही जमण्यासारखे आहे. कुंपणावरच्या निवडुंगाची कापूस लागलेली एक फडी चिमट्याने तोडून आणावी (हाताने नको, बारीक कुसळे आठवडाभर सलतात). एका मोठ्या बरणीत कुंपणावरचीच एक निरोगी फडी, दुसऱ्या बरणीत बिनकाट्याची फडी, दोन्हींना कापसाच्या फडीचा एकेक तुकडा टेकवून ठेवावा आणि तोंडे मलमलीने बांधावीत. दर तीन दिवसांनी भिंगातून पाहून बसलेली पिल्ले मोजावीत आणि महिना-दीड महिना नोंदी ठेवाव्यात. पिल्ले बसणे वेगळे आणि वाढून कापूस धरणे वेगळे, म्हणून दोन्ही आकडे स्वतंत्र लिहावेत. प्रयोग संपल्यावर सर्व फड्या जाळून टाकाव्यात. चाऱ्याच्या शेताकडे त्यातला एकही तुकडा नेऊ नये.